खाटकाकडची श्वासनलिका आणि आमचं प्रॅक्टिकल

ऑर्गनबाथवाली

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेलं, आज बसलेच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. आमचं प्रॅक्टिकल कसं असतं ते आधी सांगते. प्राण्याच्या आतड्याचा किंवा श्वासनलिकेचा तुकडा काचेच्या नळकांड्यात (यालाच ऑर्गन बाथ म्हणतात), कोमट क्षारांच्या पाण्यात टांगायचा. खालचं टोक पक्कं बांधायचं, वरच्या टोकाचा दोरा लिव्हरला, म्हणजे रेघ ओढणाऱ्या हलक्या तरफेला. पाण्यात अ‍ॅसिटिलकोलीन सोडलं की स्नायू आकसतो, लिव्हर हलते, फिरत्या ढोलावर रेघ चढते. पाणी बदललं की स्नायू सैल पडतो. मग आधीच्या दुप्पट डोस. रेघ चढत जाते आणि एका उंचीनंतर कितीही औषध ओता, हलत नाही. डोस आणि परिणाम यांचं नातं मला तरी त्या रेघेने शिकवलं, पुस्तकाने नाही.

आता बी. फार्मच्या अभ्यासक्रमात प्रयोगांची यादी तीच आहे: बेडकाच्या पोटाचा स्नायू, उंदराचं जठर, गिनिपिगचं आतडं. पण खाली तारांकित टीप आहे की हे सगळं सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायचं. टीप योग्यच आहे. दर बॅचला जनावर मारा असं मी म्हणणार नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं आतडं कधी मरत नाही, कधी रुसत नाही आणि चाळीस जणांच्या वहीत एकच आलेख उतरतो. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत एका हुशार मुलाला विचारलं, बाथमध्ये हवा का सोडतात? म्हणाला, "बुडबुडे दिसावेत म्हणून, मॅडम." स्क्रीनवर बुडबुडे छान दिसतात ना.

म्हणून या वर्षी पर्याय शोधला, कॉलेजच्या रस्त्यावरच्या मटणाच्या दुकानातून बोकडाची श्वासनलिका आणायला लागले. दुकानवाले चाचा ती तशीही कुत्र्यांना टाकतात. सकाळी सहाला पहिला बोकड कापतात. डब्यात थंड क्रेब्ज द्रावण (तेच क्षारांचं पाणी) घेऊन मी दारात उभी. पहिल्या दिवशी चाचांनी माझ्याकडे, डब्याकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "बाई, याचा रस्सा होत न्हाई."

तीन वेळा करून पाहिलं. पहिल्यांदा काहीच हललं नाही. दुसऱ्यांदा हललं, पण अर्ध्या तासात स्नायू गार पडला आणि द्रावण दुधाळ झालं. तिसऱ्यांदा हिस्टामिनला (यानेही हा स्नायू आकसतो) अशी सुंदर रेघ आली की आमचा लॅब अटेंडंटसुद्धा बघायला थांबला. आणि चौथ्या दिवशी, म्हणजे मुलांसमोर, पुन्हा काही नाही.

इथे कोणी हे केलंय का? तुकडा किती वेळ टिकतो? परवानगी लागते का? आणि ज्या मुलांना मांसाला हात लावायचा नाही त्यांचं काय करता?

तांबडा रस्सा

ताई, नळीच नेता की वजडी पण? आमचा खाटीक हल्ली वजडी देताना हात आखडता घेतो. संशयाची सुई आता कॉलेजकडे वळवावी म्हणतो.

जुना ढोल

मी वैद्यकीय महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं हेच शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आमच्या काळी ढोलावर चकचकीत कागद चिकटवून तो रॉकेलच्या धुरावर काळा करावा लागे. धूर जास्त झाला की लिव्हरचं टोक अडकतं, कमी झाला की रेघ दिसत नाही. प्रयोग झाला की कागद राळ आणि स्पिरिटच्या द्रावणातून काढून दोरीवर वाळत घालायचा. दुपारी लॅबमधून बाहेर पडणारी मुलं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसत. आणि त्या कागदासाठी एक गिनिपिग गेलेला असे. तो कसा मारत ते लिहीत नाही. मुलांना ते बघायला लागायचं हे मात्र लिहितो. पहिल्या वर्षी एक मुलगी चक्कर येऊन पडली तेव्हा आम्ही हसलो होतो. आज हसू येत नाही.

आता तुमचे तीन अपयश.

पहिलं: कड्या कशा कापल्या? श्वासनलिकेची कूर्चा पूर्ण गोल नसते, इंग्रजी सी अक्षरासारखी असते. मागच्या बाजूला जी फट आहे तिथेच तो आडवा स्नायू. बाकी सगळी कूर्चा, ती कशालाच दाद देत नाही. कडी उघडताना कात्री फटीतून घातली असेल तर तुम्ही स्नायूच कापलात. कात्री बरोबर समोरून, कूर्चेतून चालवायची, म्हणजे उघडलेल्या पट्टीत स्नायू मधोमध येतो. अशा पाच-सहा कड्या एकीला एक बांधून साखळी करा. एका कडीचं आकसणं लिव्हरला जाणवणारही नाही, साखळीत बेरीज होते.

दुसरं: द्रावण दुधाळ झालं यावरून सांगतो, हवा माशांच्या टाकीच्या पंपाने सोडत असणार. क्रेब्जमध्ये लिटरला दोन ग्रॅमच्या वर बायकार्बोनेट असतं. त्याच्यासाठी ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लागतं. साध्या हवेने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, द्रावण अल्कधर्मी होत जातं आणि कॅल्शियम खाली बसतं. कॅल्शियम गेलं की स्नायू कशाच्या जोरावर आकसणार? सिलिंडर परवडत नसेल तर टायरोड नावाचं दुसरं द्रावण वापरा, त्यात बायकार्बोनेट लिटरला एकच ग्रॅम. आणि कोणतंही द्रावण करताना कॅल्शियम क्लोराईड वेगळं विरघळवून सर्वांत शेवटी घाला. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि दरवर्षी कोणीतरी आधी घालायचंच.

तिसरं, मुलांसमोरचं. घाई केलीत. गिनिपिगचं आतडं तीस सेकंदांत उत्तर देतं, तासाला दहा-बारा डोस होतात. श्वासनलिका म्हणजे सरकारी फाईल. ताण देऊन पाऊण तास नुसती टांगून ठेवायची, दर पंधरा मिनिटांनी पाणी बदलायचं. डोस सोडल्यावर निदान पाच मिनिटं थांबायचं. धुतल्यावर खाली यायला त्याहून जास्त. दोन तासांच्या प्रॅक्टिकलला ती चार डोस देईल, जास्त नाही.

ऑर्गनबाथवाली

सर, दंडवत! माशांचा पंपच आहे. स्टोअरमध्ये बिलावर 'मत्स्यालय साहित्य' लिहून आलाय. आणि कात्री फटीतूनच घातली होती, मऊ लागली म्हणून.

निंबोणी

मी बी. फार्म केलंय, आता औषधांच्या नोंदणीच्या कामात आहे. घरी जैन. माझी बाजू मांडते, राग मानू नका.

'पर्याय' हा शब्द इथे नेमका कशाला? तुमचा बोकड मेलेलाच आहे, तुमच्यासाठी मारला नाही, हे मान्य. पण चाचांकडून आज फुकट मिळते म्हणून. उद्या जिल्ह्यातली सगळी कॉलेजं दारात उभी राहिली तर त्या नळीला भाव येईल, आणि भाव आला की ती टाकाऊ राहणार नाही, माल होईल. मग तुम्ही कत्तलीच्या धंद्यात दोन रुपयांच्या का होईना भागीदार.

दुसरं, सॉफ्टवेअर वाईट म्हणून प्रत्यक्ष स्नायू हवा, की सॉफ्टवेअर वाईट पद्धतीने शिकवलं जातं म्हणून? मुलाला बुडबुड्यांचं कारण माहीत नव्हतं हा दोष माऊसचा नाही.

भिंग

निंबोणीताईंच्या पहिल्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते, कारण तो खरा आहे.

मी एम. फार्मला बोकडाच्या डोळ्यांवर काम केलं, मोतीबिंदूवर. डोळ्यातलं भिंग अलगद काढायचं, डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रावणात ३७ अंशांना ठेवायचं. एका गटात ग्लुकोज नेहमीएवढं, ५.५ मिलिमोलर. दुसऱ्यात दहापट, ५५. तीन दिवसांत दुसऱ्या गटातली भिंगं पांढरी होत जातात. जास्तीच्या साखरेचं भिंगात सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडू शकत नाही, पाणी ओढून घेतं, तंतू फुगतात. खाली आलेख कागद ठेवून फोटो काढायचा: चांगल्या भिंगातून चौकटी स्पष्ट दिसतात, बिघडलेल्यातून धुकं. वनस्पतीचा अर्क घातलेल्या गटात चौकटी पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा मी रात्री अकराला आईला फोन केला होता.

पण डोळे फुकट मिळाले नाहीत. नळी कोणी खात नाही, मुंडी खातात. भाजून, डोळ्यांसकट. डोळे काढलेली मुंडी गिऱ्हाईक घेत नाही म्हणून खाटकाने मला अख्ख्या मुंडीचा भाव लावला. शेवटी त्याच्याशी ठरलं की डोळे मला, मुंडी अर्ध्या किमतीत त्याच्या ओळखीच्या खानावळीला. म्हणजे बाजार लगेच सुरू झाला. फक्त मला विचाराल तर त्या मुंडीमुळे एकही बोकड जास्त कापला गेला नाही. तो मटणाच्या मागणीवर कापला जातो.

निंबोणी

@भिंग, प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मात्र 'एकही जास्त नाही' हे तुमच्या एका प्रबंधापुरतं. मी व्यवस्थेबद्दल बोलतेय.

फुरसतीचा कोष

व्यवस्थेवरून आठवलं. अर्ध्याअधिक औषधशास्त्राचा जन्म खाटिकखान्याच्या मागच्या दाराशीच झालाय.

इन्सुलिन घ्या. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटोत बॅन्टिंग आणि बेस्ट कुत्र्यांवर प्रयोग करत होते, स्वादुपिंड मिळवायला कुत्रे संपत होते. नोव्हेंबरात बॅन्टिंगच्या डोक्यात आलं की कत्तलखान्यात गाभण गायीही येतात आणि गर्भातल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचकरस जवळजवळ नसतो, म्हणजे इन्सुलिन पचून नष्ट होणार नाही. तो शेतकऱ्याच्या घरातला, त्याला हे माहीत होतं. पुढे मोठ्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही अल्कोहोल वापरून अर्क निघाला आणि ११ जानेवारी १९२२ला पहिल्या रुग्णाला टोचला. त्यानंतर साठ वर्षं जगभरच्या मधुमेह्यांनी गुरांचं आणि डुकरांचं इन्सुलिन घेतलं. मानवी इन्सुलिन बाजारात यायला १९८२ उजाडलं.

माझा लाडका किस्सा अ‍ॅबर्डीनचा. मेंदूत अफूसारखा स्वतःचा पदार्थ असला पाहिजे या कल्पनेने हान्स कोस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज झपाटले होते. ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जाऊन डुकरांचे मेंदू आणायचा, आणि तिथल्या माणसांची मर्जी राखायला व्हिस्की न्यायचा असं सांगतात. त्या मेंदूंचा अर्क करून तो कशावर तपासला? विजेच्या झटक्यांनी उडणाऱ्या गिनिपिगच्या आतड्यावर आणि उंदराच्या शुक्रवाहिनीवर! अर्क घातला की स्नायूचं उडणं मंदावायचं, अफूचा उतारा नॅलोक्सोन घातला की पूर्ववत. डिसेंबर १९७५ला निबंध आला: पाच-पाच अमिनो आम्लांचे दोन पदार्थ, फक्त शेवटचं आम्ल वेगळं. एन्केफॅलिन. यंत्र काय होतं? धागाकर्तीच्या टेबलावर आहे तेच, ऑर्गन बाथ.

तांबडा रस्सा

चाचांना व्हिस्की चालणार नाही. चहा न्या.

माणदेशी पशुवैद्य

धागा वाचून राहवलं नाही. सगळे स्नायूबद्दल बोलताहेत, तो बोकड कोण होता हे कोणी विचारलं नाही.

प्रयोगशाळेतल्या गिनिपिगचं वय, वजन, खाणं, वंश सगळं माहीत असतं. दुकानात आलेला बोकड उस्मानाबादी की गावठी, सहा महिन्यांचा की दीड वर्षाचा, गेल्या आठवड्यात जंतनाशक पाजलं होतं का, बाजारात येताना टेम्पोत किती तास उभा होता, हे त्याच्या मालकालाही नीट सांगता येत नाही. घाबरलेल्या जनावराच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि तुमचा तो स्नायू अ‍ॅड्रेनॅलिनने सैल होणाऱ्यांपैकी. एक दिवस सुंदर रेघ आणि दुसऱ्या दिवशी ढिम्म, यात थोडा वाटा त्याचाही असेल.

वेळेबद्दल. आतडं सर्वांत आधी बिघडतं, कारण आतले पाचकरस आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. ते आणायचं असेल तर दुकानातच आतून थंड द्रावणाने धुवून घ्या, चरबी आणि पडदा काढून टाका. श्वासनलिका चिवट असते. बर्फात ठेवलेल्या द्रावणात, बर्फाला थेट न चिकटवता, तासभर आरामात निघतो. गोठवलीत तर संपलं. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

आणि कृपया हातमोजे घाला, मुलांनाही द्या. शेळ्यांच्या तोंडाला मावा येतो तो माणसाच्या हातावर फोड आणतो. ब्रुसेलोसिस आहे. काळपुळी क्वचित, पण आहे. फुप्फुसाला पाण्याने भरलेली गाठ दिसली तर फोडून मुलांना दाखवायचा मोह टाळा, ती फीतकृमीची असते. शक्य असेल तर दुकानापेक्षा नगरपालिकेच्या कत्तलखान्यातून घ्या, तिथे कापण्यापूर्वी आणि नंतर पशुवैद्यकाची तपासणी असते. निदान असायला हवी.

ऑर्गनबाथवाली

डॉक्टर, हातमोजे होते, मावा माहीत नव्हता. चाचांना आज विचारलं बोकड कुठला, तर म्हणाले "आटपाडीचा, पण तुमाला त्याची कुंडली कशाला?"

राईनकाठी

मी जर्मनीत रसायनांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा गाडी कत्तलखान्यातून गुरांचे डोळे घेऊन येते.

शाम्पू किंवा कीटकनाशक डोळ्यात गेलं तर काय होईल हे पूर्वी जिवंत सशाच्या डोळ्यात घालून बघत. ती ड्रेझची चाचणी, १९४४ची. आता बरीचशी उत्तरं गायीबैलांच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर मिळतात. तो पडदा साच्यात बसवायचा, वरून रसायन, ठरावीक वेळाने धुवायचं. मग दोन गोष्टी मोजायच्या: प्रकाश किती अडला, म्हणजे किती गढूळ झाला, आणि फ्लुरेसिन नावाचा रंग किती आरपार गेला, म्हणजे किती फाटला. ओईसीडीने (विकसित देशांच्या संघटनेने) २००९ मध्ये ही पद्धत मान्य केली, ४३७ क्रमांकाने. कोंबडीच्या डोळ्याचीही त्याच वर्षी, ४३८. तेव्हा 'कत्तलखान्याचा माल म्हणजे जुगाड' असं कोणी म्हटलं तर हा क्रमांक सांगा. सौम्य त्रास देणाऱ्या पदार्थांचा निवाडा या पद्धतीला नीट जमत नाही हेही सांगा.

पण आमच्याकडे डोळा स्वीकारण्याआधी ओरखडा, डाग, रक्तवाहिन्या बघून निम्मी रास बाजूला काढायची वेळ येते. जनावराचं वय ठरलेल्या मर्यादेत हवं. दर खेपेला पाण्याचा आणि नक्की जाळणाऱ्या पदार्थाचा गट सोबत चालवायचा, ते आकडे नेहमीच्या पट्ट्यात नसतील तर ती खेप रद्द. पशुवैद्य साहेबांनी विचारलेल्या 'बोकड कोण' याला आमचं उत्तर हे: बोकड ओळखता येत नसेल तर त्याची परीक्षा घ्या. तुमच्या बाबतीत पहिले दोन डोस नुसत्या अ‍ॅसिटिलकोलीनचे. ठरलेल्या उंचीची रेघ आली तर पुढे, नाहीतर साखळी फेका.

आणखी एक, भिंगताईंनाही विचारतो, भांडायला नव्हे. एका बोकडाच्या नळीच्या सहा साखळ्या करून सहा गटांना दिल्या तर आकडे सहा झाले, बोकड एकच. त्यावर सरासरी आणि विचलन काढून 'नमुने सहा' लिहिलेले निबंध माझ्या वाचनात येतात. हे चुकीचं आहे. एका बोकडाला सहा वेळा विचारलं तरी ते एकाच बोकडाचं मत.

भिंग

@राईनकाठी, माझ्या प्रबंधात 'नमुने सहा' म्हणजे तीन मुंड्या होत्या. आता झोप येणार नाही.

कलम १७

परवानगीचा प्रश्न अजून हवेत आहे म्हणून.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. त्याच्या कलम १७मध्ये स्पष्ट म्हटलंय की जिथे शक्य आहे तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि उदाहरण दिलंय वैद्यकीय शाळा-महाविद्यालयांचंच: पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर. म्हणजे सॉफ्टवेअरची टीप आत्ताची असली तरी तिचं बीज साठ वर्षांपूर्वीचं. १९९८च्या नियमांनुसार जिवंत प्राण्यांवर प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते. खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा अवयव आणणं हा त्या अर्थाने प्राण्यावरचा प्रयोग नव्हे. तरी माझा सल्ला: समितीला एका पानाचं पत्र देऊन ठेवा, कुठून आणता, काय आणता, कचरा कुठे जातो. उद्या कोणी फोटो टाकून 'कॉलेजात बोकड कापतात' असं पसरवलं तर ते पान कामाला येईल.

कचऱ्याचं: २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, पिवळी पिशवी. उकिरड्यावर नाही, चाचांच्या कुत्र्यांना तर अजिबात नाही, औषधं लागलेली आहेत.

आणि राईनकाठी यांच्या उत्साहात कोणी गायीबैलाचे डोळे शोधायला निघू नका. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याची, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैसवर्गाला ती बंदी लागू नाही. पाहिजे तर रेड्याचे डोळे शोधा.

निंबोणी

कलम १७, तुम्ही माझंच म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडलंत. पुस्तकं-चित्रफितींनी 'भागत असेल तर'. भागतं. पाँडिचेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर आम्ही वापरलं होतं, त्यात अनोळखी औषध ओळखायला देतात, दरवेळी बदलतं, नक्कल होत नाही. शिक्षकाने तो भाग उघडायला हवा एवढंच.

जुना ढोल

निंबोणी, मी तुझ्याशी निम्मा सहमत. डोस आणि परिणामाचं नातं, अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनने आलेख उजवीकडे सरकणं, पीए२ (अडवणाऱ्या औषधाची ताकद सांगणारा आकडा) काढणं हे सगळं सॉफ्टवेअरवर उत्तम होतं, मी तर म्हणेन जास्त चांगलं होतं. त्यासाठी माझ्या हयातीत जे गिनिपिग गेले ते जायला नको होते.

पण पुढे संशोधनात जाणाऱ्या, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या मुलाला स्नायू हाताळता यायला हवा. दोरा किती घट्ट, ताण किती, टिश्यू थकला हे कसं ओळखायचं, ही हाताची विद्या आहे. ती तो पहिल्यांदा कशावर शिकणार? गिनिपिगवर शिकला तर पहिले पाच त्याच्या चुकीने जाणार. बोकडाच्या नळीवर शिकला तर कोणीच जात नाही. चाळीस मुलांना नको. चौघांना पुरे.

निंबोणी

चौघांना, ज्यांना हवं त्यांना, यावर मी थांबते. आणि एक तिरका प्रश्न सगळ्यांना: 'प्राणीमुक्त' म्हणून मिरवणारी पेशींची संवर्धनं कशावर वाढतात? गाभण गायी कापल्यावर गर्भातल्या वासराच्या रक्तातून काढलेल्या सीरमवर. तेव्हा माझ्या बाजूचे लोकही धुतल्या तांदळाचे नाहीत, हे मीच सांगते.

तांबडा रस्सा

धागा इतका गंभीर झालाय की दुपारी मटण खाताना नळीकडे आदराने पाहिलं.

ऑर्गनबाथवाली

दहा दिवसांनी परत आले. वृत्तांत.

टायरोड केलं, कॅल्शियम शेवटी. कात्री कूर्चेतून. सहा कड्यांची साखळी, बावन्न मिनिटं नुसती टांगली. त्या बावन्न मिनिटांत मुलांनी काय करायचं हा प्रश्न होता, तर सॉफ्टवेअरवर तोच प्रयोग करायला लावला आणि आपली साखळी काय करेल याचा अंदाज लिहून पाकिटात बंद करायला सांगितला. निंबोणी, ही कल्पना तुमच्यावरून सुचली.

पहिला डोस: काही नाही. मुलं माझ्याकडे बघायला लागली. पाचव्या मिनिटाला लिव्हर सरकली, इतकी हळू की एकाने टेबल हललं म्हणून दुसऱ्याला दटावलं. दुसरा डोस, बरी. तिसरा, छान. मग क्लोरफेनिरामिन घालून हिस्टामिन: सपाट. "मॅडम, सर्दीची गोळी!" असं मागच्या बाकावरून आलं. सर्दीच्या गोळीत हेच औषध असतं हे ते दोन वर्षं पाठ करत होते.

पाकिटं उघडली तर सगळ्यांनी पहिल्या डोसला तीस सेकंदांत उत्तर लिहिलं होतं.

चौघं स्वतःहून आली होती. दोन मुलींनी हात लावायला नको म्हणून सांगितलं, त्यांनी घड्याळ आणि नोंदी सांभाळल्या. एकीने दुसऱ्या दिवशी येऊन मोजे मागितले, दुसरीने नाही मागितले.

उरलेला तुकडा फ्रीजमध्ये चार अंशांना टायरोडमध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी टांगला, अ‍ॅसिटिलकोलीनला हलला, पण आदल्या दिवसाच्या निम्माही नाही. तेव्हा शिळ्यावर भरवसा नको.

समितीला पत्र दिलंय. चाचांना पैसे देऊ केले, घेतले नाहीत, पण मुलगा बारावीला आहे, फार्मसीचं काय काय असतं ते सांगा म्हणाले. रविवारी दोघं येणारेत.

सातपूरकर

नाशिकहून. उद्या आम्हीही करतोय. नळी आणायला थर्मास किती लिटरचा लागतो?

ऑर्गनबाथवाली

एक लिटरचा पुरतो. तोंड रुंद बघून घ्या, माझ्या पहिल्या थर्मासात नळी गेली पण बाहेर येईना.